आजीच्या ओव्या आणि टकटकणारी हार्ड डिस्क

लग्नघरातून निरोप आला होता, आजीच्या आवाजातली हळदीची गाणी पाठव. मे महिना, अमळनेरची दुपार, तरी मी कॉम्प्युटर लावला. फोल्डर उघडता उघडेना. मग आतून टक्... टक्... ऐकू आलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला: डिस्क फॉरमॅट करायची का?

'नाही' म्हटलं. पण नंतर घाबरून तीनदा बंद-चालू केला, ते करायला नको होतं.

त्या डिस्कवर चार वर्षांचं रेकॉर्डिंग होतं. चोपडा तालुक्यातल्या आजोळी बसून भरलेल्या जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, गुलाबाईची, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायची. सगळं अहिराणीत. आजी आता नाही. रेकॉर्डरमधलं कार्ड मी दर वेळी पुसून पुन्हा वापरलं होतं आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर आत दव धरेल त्याचं काय? कुणी म्हणालं, झाकण उघडून बघू. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपल्याकडच्या धुळीचा एक कण त्याच्यापुढे डोंगर. एका दुकानात तर 'आधी फॉरमॅट मारतो, मग सॉफ्टवेअरने काढतो' असं ऐकलं. आजारी डिस्कवर नवं काहीही लिहू द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं. तिथून उठले.

डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन गाडीने जळगावला गेले. तिथे बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या दादांनी आधी विचारलं, "ताई, बिघडल्यापासून किती वेळा चालू केली?" मग कान लावून ऐकलं. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव आणि १ टीबी हा आकडा बरोबर दिसत होता, टकटक ठरावीक भागापाशी गेल्यावरच होत होती. म्हणजे हेड जिवंत, पृष्ठभाग जागोजागी खराब. "सुरुवातीपासून टकटकली असती आणि ओळखलीच गेली नसती, तर मी हात लावला नसता," ते म्हणाले. तशा डिस्कला धूळमुक्त खोलीत, जुळणाऱ्या डिस्कचं हेड काढून बसवावं लागतं. ते काम पुण्या-मुंबईच्या लॅबचं.

त्यांनी आधी काही शोधलंच नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत २ टीबीच्या नव्या डिस्कवर घ्यायला लावली. हा प्रोग्रॅम सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडतं तिथे रेटत न बसता पुढे जातो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. कुठवर आलो ते एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातो. दुसऱ्या रात्री लाइट गेली, तेव्हा त्याच फाइलमुळे काम होतं तिथून पुढे चालू झालं. उकाडा टाळायला रात्रीच चालवायचे, समोर पंखा लावून. चौथ्या सकाळी फोन आला: फक्त १४ एमबी वाचता आलं नाही.

पण ते १४ एमबी नको तिथले निघाले. फायलींची यादी जिथे असते तो भाग त्यात होता. मग फोटोरेक नावाचा दुसरा प्रोग्रॅम लावला. तो यादी बघत नाही, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण धुंडाळतो. २१२ ध्वनिफिती मिळाल्या, पण नावाच्या जागी नुसते आकडे. काही लांब फायली डिस्कवर तुकड्यांत साठलेल्या होत्या, तिथे सांधा चुकला होता. ओवी चाललेली असताना मध्येच दुसऱ्याच दिवशीचा कोंबडा आरवतो.

नावं आईने दिली. रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की ती चुलीपाशीच बसायची आणि मी एकेक फाइल लावायचे. पहिल्याच आवाजाला म्हणाली, "हाऊ त मन्ही मायना आवाज शे." मग बराच वेळ काही बोलली नाही. पुढे मात्र दोन ओळींतच सांगायची: ही कानबाईची, रोट करतानाची, ही लेक सासरी निघते तेव्हाची. मी वहीत लिहून घेत गेले.

गाणी मोनो (एकाच चॅनेलची) आणि आकार कमी करायला न दाबलेल्या फाइलींत होती हे नशीब. सेकंदाला ८८,२०० बाइट. म्हणजे ४,०९६ बाइटचा एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक छोटा कप्पा, गेला, तर सेकंदाचा विसावा भागही जात नाही. एक बारीक टिचकी ऐकू येते, ओवी पुढे चालू राहते. जिथे सलग सेक्टर गेलेत तिथे एखादा शब्द नाहीसा झालाय. तिथले शब्द आईने म्हणून दाखवले. ते वहीत आहेत, फाइलीत घातले नाहीत.

आता तीन प्रती आहेत, एक आजोळी मामाकडे. जुनी डिस्क पुन्हा चालू केलेली नाही, गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

दोन फायलींतला आवाज आईलाही ओळखता आला नाही. येत्या आखाजीला मावशी माहेरी येईल, तेव्हा तिला ऐकवायच्या आहेत.