आधी शिट्टी, मग गाणं

हेडफोन कानाला लावले तर गाणं नाहीच. आधी एक सरळसोट शिट्टी. मला वाटलं, यंत्र बिघडलंय.

बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयात मेणाच्या नळकांड्यांवरची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. फोनोग्राफची चावी उतरली की नळकांडं हळू फिरतं आणि सूरही उतरतो. म्हणून मुद्रणाच्या सुरुवातीला ठरलेल्या सुराची शिट्टी वाजवून ठेवायची. पुढं ऐकताना ती जुळली की वेग बरोबर. तंबोऱ्याजवळ वाढलेल्या माझ्या कानाला कुणी ‘सा’ दिल्यासारखंच वाटलं. पण आपल्याकडं सा गाणाऱ्यासाठी लावतात. हा मोजणाऱ्यासाठी लावलेला. आणि खरं सांगायचं तर मीही गाणं संपेपर्यंत मांडीवर बोटांनी स्वरच मोजत बसलो होतो.

हा संग्रह कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञानं १९०० साली सुरू केला, बर्लिनला आलेल्या सयामी नाटकमंडळीच्या वादनापासून. माणूस सूर कसा ऐकतो, हा त्याचा ध्यास. पहिल्या महायुद्धात त्याला आयते गायक मिळाले: युद्धकैदी. शहराच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फच्या छावणीत ब्रिटिश फौजेतले हिंदी शिपाईही होते. १९१५ ते १९१८ या काळात श्टुम्फच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगानं अशा छावण्यांतून भाषा आणि गाणी तबकड्यांवर आणि नळकांड्यांवर टिपली. प्रत्येक कैद्याचा एक फॉर्म: नाव, जन्मगाव, धंदा, धर्म, वाचता येतं का, गाता येतं का. आवाज कसा आहे, यावर शेरासुद्धा. गायची इच्छा आहे का, हे कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी तारेच्या कुंपणाआड ‘नाही’ म्हणायची सोय किती?

मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यात २७वं कलम आहे. समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणानं सहभागी होण्याचा आणि विज्ञानाच्या प्रगतीत वाटा मिळण्याचा, असे दोन्ही हक्क तिथं एकाच वाक्यात नांदतात. कपाटातल्या नळकांड्यांपाशी आलं की या दोन हक्कांचं आपसात वाजतं. काही गाणी ठरावीक विधीला, ठरावीक माणसांनीच ऐकायची असतात. हल्ली संशोधक प्रती घेऊन गाणाऱ्यांच्या वारसांकडं जातात आणि विचारतात, हे सगळ्यांना ऐकवू का? कधी उत्तर ‘नको’ असं येतं. माझ्या मते ते ‘नको’ही संशोधनात जमा धरायला हवं.

त्या छावणीजवळ त्सेरेन्सडॉर्फला हिंदी शिपायांची दफनभूमी आहे. दगडावर नाव, पलटण, तारीख. आवाजाच्या तबकड्या आणि नळकांडी मात्र बर्लिनमध्ये, नंबर घालून ठेवलेली.