केदारताल: गंगोत्रीत एक दिवस जास्त ठेवा

गंगोत्री ते केदारताल ही वाट जेमतेम १७-१८ किलोमीटरची. सह्याद्रीत दर शनिवार-रविवार भटकणाऱ्याला या आकड्याचं काहीच वाटत नाही. आम्हा पाच जणांनाही वाटलं नव्हतं. पण गंगोत्री साधारण ३,१०० मीटरवर आणि तळं ४,७५० मीटरच्या आसपास. म्हणजे समुद्रसपाटीपासून अख्खं कळसूबाई चढण्याइतकी उंची, आणि तीही विरळ हवेत.

सप्टेंबरच्या शेवटी गेलो. ऋषिकेशहून पहाटे निघून रात्री गंगोत्रीत, आणि दुसऱ्या सकाळी लगेच पाठपिशव्या खांद्यावर. इथेच चुकलं. रजा टाकतानाच उत्तरकाशीत एक मुक्काम धरा, वन खात्याचा परवानाही तिथेच काढून घ्या. गंगोत्रीत दोन रात्री काढा. मधल्या दिवशी थोडं वर चढून झोपायला खाली या, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते.

पहिला टप्पा भोजखरकपर्यंत, केदारगंगेच्या काठाने. चढ खडा आहे. वाटेत स्पायडर वॉल नावाचा तिरका कातळ आडवा पार करावा लागतो. कोरडा असेल तर भीती नाही. ओला असेल तर दोर लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. भोजखरकला भूर्जाची झाडं संपत येतात. त्यांची साल कागदासारखी सुटलेली असते. ती ओढून काढू नका, झाडाला इजा होते.

भोजखरक ते केदारखरक अंतर कमी, पण धोका जास्त. एका पट्ट्यात वरून सतत दगड येतात. ऊन चढलं की बर्फाने धरून ठेवलेले दगड सुटतात, म्हणून हा भाग सकाळी लवकर, न थांबता आणि अंतर ठेवून ओलांडायचा.

केदारखरकला तंबू लावला आणि आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं. चहा घशाखाली उतरेना, मग उलटी झाली. उंची बाधली आहे का ते पाहायला गाईडने त्याला टाच-चवडा जोडत सरळ रेषेत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला. गाईडने लगेच सांगितलं, "साब, अभी नीचे।" उजेड होता तोवर पोर्टरबरोबर त्याला भोजखरकला उतरवलं. अशा वेळी गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहत बसू नका. उतरणं हाच इलाज. आणि त्यासाठी गटात एक जादा पोर्टर हवाच.

त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात-डाळीला कुकर लागतो.

शेवटचा टप्पा नुसता घसारा आणि हिमोढाचे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले धोंडे. पाय ठेवला की दगड हलतो. दहा पावलं, धाप, पुन्हा दहा पावलं. मग एका कडेवरून अचानक तळं दिसलं. हिरवट निळं, आणि मागे थलय सागर, ६,९०४ मीटर, सरळ आभाळात घुसलेला. सकाळी वारा नसताना त्याचं टोक पाण्यात स्पष्ट दिसतं. दुपारी ढग येतात, त्यामुळे नऊच्या आत पोहोचा.

हलाहल प्यायल्यावर शंकराने घशाची आग इथल्या पाण्याने शमवली, असं सांगतात. बाटली भरून घेतली. दुपारी भोजखरकला पोहोचलो तर आदल्या दिवशी उतरवलेला आमचा गडी खिचडीचं दुसरं ताट संपवत होता. बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती अर्धी प्यायली आणि उरलेली आईसाठी बांधून ठेवली.