दुपारी गरम, पहाटे गार

रात्री अकराच्या सुमारास एमआय रूमचा, म्हणजे आमच्या लष्करी दवाखान्याचा, रनर धापा टाकत एमटी शेडमध्ये, म्हणजे गाड्यांच्या शेडमध्ये आला, तेव्हा मी बुखारीच्या शेगडीपाशी मोजे वाळवत बसलो होतो. एका जवानाचं पोट संध्याकाळपासून दुखत होतं आणि डॉक्टरसाहेबांना अपेंडिक्सची शंका होती. रस्त्यावर रात्री काचेसारखा बर्फ असतो, म्हणून उजाडताच सहाला अँब्युलन्स कारगिलला काढायची असं ठरलं होतं. रनरनं निरोप संपवला आणि वर विचारलं, "उस्ताद, साब पूछ रहे हैं, हीटर चलेगा ना?"

मी लगेच हो म्हणालो नाही. त्याच हीटरच्या जॉबकार्डावर पाच दिवसांपूर्वी मी 'ठीक' लिहून सही केली होती. आणि कांगड्याकडचा आमचा ड्रायव्हर रोज सकाळी मला एकच वाक्य ऐकवत होता: "उस्ताद, दोपहर को गरम, सुबह ठंडा."

ही गोष्ट लडाखमधल्या द्रासची, वीसेक वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा, व्हेईकल मेकॅनिक, गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्याकडे थंडी म्हणजे शेकोटीभोवती बसून हुरडा खाण्याचं निमित्त. द्रास सुमारे 10,800 फुटांवर आहे. तिथं एकदा उणे साठ झालं होतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची पद्धत आहे. मी स्वतः बघितलेला पारा उणे 26 च्या खाली गेला नाही, आणि मला तेवढा पुरला. त्या दिवसांत हिवाळा लागला की श्रीनगरकडून येणारा झोजिला घाट बंद व्हायचा. मग लागणारा प्रत्येक नट, प्रत्येक पॅकिंग आधीच साठवलेल्या मालातून काढायचं. साठ्यात नसेल तर वसंतापर्यंत नाही.

हीटर नसला तर काय बिघडतं, असं गावाकडं कुणी विचारलं की मला काचेपासून सुरुवात करावी लागते. केबिनमध्ये तीन माणसं श्वास घेतात, ती वाफ समोरच्या काचेला आतून चिकटते आणि तिथंच गोठते. ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हातानं काच खरवडतो. मागे पेशंटला सलाईन लावलेलं असेल तर बाटली नर्सिंग असिस्टंटच्या कोटात जाते, पण नळी बाहेरच राहते आणि नळीतलं पाणीही गोठतं. कारगिलपर्यंतचा रस्ता साठेक किलोमीटरचा, पण जानेवारीत तो किती तासांचा होईल हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

पाच दिवसांपूर्वी तक्रार आली तेव्हा मी काय केलं ते आधी सांगतो. गाडीचा हीटर म्हणजे काही शेगडी नव्हे. त्याला स्वतःची ऊब नसते. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि अँटीफ्रीझचं मिश्रण, दोन होज पाइपांनी डॅशबोर्डामागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. आम्ही त्याला हीटरची कॉइल म्हणतो. ब्लोअर तिच्यावरून हवा मारतो. म्हणजे हीटर हा उसन्या उष्णतेवर जगणारा प्राणी. आधी इंजिन तापलं पाहिजे. थंडीत हीटर गार पडला की पहिला संशय थर्मोस्टॅट वॉलवर घ्यायचा. इंजिन तापेपर्यंत मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवणारी ही झडप, आणि तो उघडा अडकला तर कूलंट सुरुवातीपासूनच मोठ्या रेडिएटरमध्ये फिरत राहतं आणि इंजिन तापतच नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटाही खालीच होता. मी वॉल काढला, तो खरोखरच अर्धवट उघडा अडकलेला निघाला. नवा टाकला, दुपारी दोनला गाडी फिरवली, पायाशी झकास गरम हवा आली. सही केली.

खरा दोष सापडला की माणूस तिथंच थांबतो. त्याच्या मागे दुसरा उभा असेल, असं त्याला वाटत नाही. मलाही वाटलं नाही. पहाडी माणूस ड्यूटी टाळायला कुरकुर करतोय असं मी धरून चाललो.

रनर गेला आणि मी आमच्या बार्शीच्या पोराला उठवलं. नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला क्राफ्ट्समन. आम्ही दोघंच असलो की तो मराठीत दादा म्हणायचा. गाडी संध्याकाळी पाचपासून उघड्यावर उभी. इंजिन लागायलाच वेळ गेला. आता 2019 पासून लडाखसाठी इंडियन ऑइलचं खास हिवाळी डिझेल येतं, ते म्हणे उणे 33 पर्यंत वाहतं. आमच्या वेळी डिझेलात रॉकेल मिसळायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

गाडी लागली. पण डिझेल इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तर त्या थंडीत तापत नाही. म्हणून रेडिएटरपुढे रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा लावला, बॉनेटवर दोन ब्लँकेटं टाकली आणि पोराला ॲक्सिलरेटरवर बसवलं. अर्ध्या तासानं काटा चढला. हीटर मात्र बर्फासारखा गार.

मग मी हातमोजे काढले आणि जे पाच दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून कॉइलकडे जाणारे दोन्ही होज हातात धरले. एक चटका देत होता. दुसरा पत्र्याइतकाच गार. म्हणजे गरम कूलंट कॉइलच्या दारापर्यंत येत होतं आणि पलीकडून काही निघत नव्हतं.

"कॉइल चोक आहे दादा," पोरगा म्हणाला.

"मग दुपारी कशी उघडती?"

त्यावर तो गप्प झाला आणि मीही. गाळानं बसलेली कॉइल दुपारी आपोआप सुटत नाही. दुपारी सुटतं आणि पहाटे बसतं असं त्या दरीत एकच होतं.

पण कूलंट गोठेलच कसं? अँटीफ्रीझ आणि पाणी निम्मंनिम्मं असलं की ते उणे 37 च्या आसपास गोठतं. बाहेर उणे 26 होतं. गोठत असेल तर ते निम्मंनिम्मं नव्हतंच. तपासायचा हायड्रोमीटर आमच्याकडे होता, पण डिसेंबरात कुणाच्या तरी हातून फुटला होता. म्हणून मेस टिनचं झाकण घेतलं, त्यात करंगळीएवढं कूलंट ओतलं आणि बाहेर बर्फावर ठेवलं. दहा-बारा मिनिटांनी टॉर्च मारला तर झाकणात बर्फाच्या गोळ्यासारखा हिरवट भुगा. बोटानं ढकलला की हलायचा, पण ओतला तर पडायचा नाही.

आता सगळं जुळलं. पाणी जास्त झालेलं कूलंट दगडासारखं गोठत नाही. आधी त्यातल्या पाण्याचे खडे होतात आणि उरलेलं आणखी दाट होतं. म्हणूनच इंजिनाचा ब्लॉक फुटला नव्हता. मोठ्या वाटांतला भुगा इंजिन चालू झाल्यावर उतरत होता. पण कॉइलच्या नळ्या बारीक, आणि त्या वाटेच्या अगदी शेवटी. उसाच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाटाला पाणी सुटलं तरी टेलवाल्याच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या, चारीत गवत-गाळ बसला असेल तर त्याची बारी कोरडीच जाते. गरम पाणी त्या बुचापाशी येऊन थांबायचं, आणि थांबलेलं पाणी बर्फ वितळवत पुढे जात नाही. दुपारी ऊन पडायचं, पारा उणे सात-आठवर यायचा, भुगा सुटायचा आणि मी सही करायचो.

मी ड्रायव्हरला बोलावणं धाडलं. तो पारका, म्हणजे जाड कोट, घालत आला. "कूलंट में पानी डाला?" त्यानं सरळ सांगितलं, डाला. रोज फर्स्ट परेडला, म्हणजे सकाळच्या गाडी-तपासणीला, टाकी थोडी खाली दिसायची, लंगरमधलं, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातलं, गरम पाणी मगभर ओतायचा. महिनाभर हे चाललेलं. मी त्याला पोरासमोर नको नको ते बोललो. शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "उस्ताद, पर कम क्यों होता है?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि घड्याळात एक वाजून गेला होता.

कॉइल मोकळी करायची तर तापवायला हवी. पोरगा ब्लो लॅम्प घेऊन आला, तो मी परत पाठवला. कॉइल प्लॅस्टिकच्या डब्यात असते. डबा वितळला तर हीटर कायमचा गेला आणि नवा डबा झोजिलाच्या पलीकडं. एमआय रूममधून शेकायच्या रबरी पिशव्या मागवल्या. डॉक्टरसाहेबांनी होत्या तेवढ्या तिन्ही दिल्या. दोन डॅशबोर्डाखाली डब्याला टेकवल्या, एक गार होजभोवती बांधली, आणि होज जिथं पत्र्यात शिरतात तिथं फडकी गुंडाळून त्यावर लंगरचं उकळतं पाणी थोडं थोडं सोडत राहिलो. बॉनेटवरून जमिनीपर्यंत ताडपत्री. ड्रायव्हर न सांगता लंगर ते गाडी अशा फेऱ्या मारत होता. वाटेत पाणी निम्मं गार व्हायचं, म्हणून तो किटली कोटात धरून पळायचा.

पाऊण तासानं होजमध्ये गुळगुळ झाली. मी हात ठेवला. आधी कोमट, मग चांगला गरम. पोरगा ओरडलाच. पण आनंद करायला फुरसत नव्हती. ते पातळ आहे तोवर सगळं काढून टाकणं भाग होतं. खालचा प्लग उघडला आणि आठ-नऊ लिटर जेरीकॅनमध्ये उतरवलं. अँटीफ्रीझ चवीला गोड असतं आणि विषारी असतं. लंगरमागे दोन कुत्री आमच्याच उष्ट्यावर मोठी झाली होती, म्हणून एक थेंब बर्फावर सांडू दिला नाही.

भरताना पोरगा म्हणाला, "दादा, पाणी नकोच. शुद्धच ओतू, म्हणजे टेन्शन नाही." हे बहुतेकांना पटतं. पण शुद्ध अँटीफ्रीझ उणे 13 च्या आसपासच गोठतं. पाणी एकटं शून्याला आणि ते एकटं उणे तेराला. एकत्र आले की दोघंही एकमेकांना जागा धरू देत नाहीत आणि उणे 37 पर्यंत तग धरतात. शिवाय उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. बुखारीशेजारी ठेवलेलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि बादलीत मगानं मोजून निम्मंनिम्मं केलं.

मग एअर लॉक, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा. गाडी उतारावर नाक वर करून लावली, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, टोपण उघडं, आणि होज दाबत दाबत बुडबुडे काढले. टोपण फार वेळ उघडं ठेवता येत नाही. तेवढ्या उंचीवर पाणी 89 अंशांनाच उकळतं. म्हणून लंगरमध्ये डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि म्हणूनच रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती कुकरची शिट्टी आहे.

साडेपाचला नव्या मिश्रणाचं झाकण बर्फावरून उचललं. अर्धा तास झाला होता आणि तिरकं केल्यावर कूलंट पाण्यासारखं वाहिलं. केबिनमध्ये बसलो तर काचेवरचा बर्फ खालून वर सरकत वितळत होता. सहा वाजून दहा मिनिटांनी स्ट्रेचर चढलं. पोट धरून पडलेला तो जवान आत येताच म्हणाला, "यहाँ तो गरम है." डॉक्टरसाहेब माझ्याकडं बघून नुसते मान हलवून आत बसले. दुपारी वायरलेसवर कळलं, पोचले. ऑपरेशन झालं आणि तो फेब्रुवारीत परत आला.

मी मात्र ड्रायव्हरच्या त्या प्रश्नाशी अडकलो होतो. पाणी कमी होतं कुठं? डिपस्टिकचं तेल स्वच्छ, म्हणजे कूलंट तेलात जात नव्हतं. सायलेन्सरमधून जास्तीची वाफ नाही. गाडी परत आली त्या संध्याकाळी सगळे जोड हातानं चाचपले, सगळे कोरडे.

तेव्हा सुचलं, की आपण ही गाडी नेहमी गरम असतानाच बघतो.

रात्रभर तिला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं आणि पहाटे साडेचारला मी आणि ड्रायव्हर गेलो. इंजिन चालू न करता बॉनेट उघडलं. टॉर्चच्या उजेडात हीटरच्या आत जाणाऱ्या होजच्या क्लिपवर एक हिरवा थेंब लोंबत होता. तो पडला आणि दुसरा धरायला लागला. जमिनीवर डाग का दिसत नव्हता तेही कळलं. थेंब सरळ खाली न जाता गिअरबॉक्सवर पडत होते आणि तिथल्या तेलकट मळात जिरत होते.

थंडीत रबर आकसतं, ताठर होतं आणि क्लिपची पकड सुटते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि जोड पुन्हा घट्ट बसतो. चोर रात्री यायचा आणि आम्ही दिवसा पहारा करायचो.

तो होज ऑक्टोबरात नवा टाकला होता. मस्त ऊन होतं, अंगात नुसता स्वेटर. क्लिप तेव्हा आवळली ती आवळली, हिवाळा लागल्यावर पुन्हा एकदा आवळायची राहिली. जॉबकार्ड बघायची गरज नव्हती, सही कुणाची असणार ते मला ठाऊक होतं. ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. होज बदलताना तोच टॉर्च घेऊन माझ्याशेजारी उभा होता.

मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, थोडा थांबलो आणि त्याच्या हातात दिला. टॉर्च मी धरला. त्यानं दोन आटे आवळले, बोटानं जोड पुसला, आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थेंब काही आला नाही.

"अब दोपहर को भी गरम, सुबह भी," तो म्हणाला, आणि चहाच्या वेळेला अजून तासभर असूनही आम्ही लंगरकडं चहा मागायला निघालो.