१९९० ची ग्रेंज: अखेर बूच निघालं

ग्रेंज म्हणजे पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीची नावाजलेली रेड वाइन. आमच्या भिशीतून घेतलेली ही बाटली दिवाळीपर्यंत आडवी ठेवायची, असं मागे ठरलं होतं. बेत मोडला. कॅप्सूलच्या, म्हणजे बुचावरच्या वेष्टणाच्या, कडेला चिकट ओघळ दिसला आणि आतल्या वाइनची पातळी मानेतून बाटलीच्या खांद्यावर आलेली. लिलाववाल्यांच्या वर्णनात 'पातळी उत्तम' होतं. त्यांच्याकडून पुन्हा काही घेणं नाही.

१९९५ साली 'वाइन स्पेक्टेटर' या अमेरिकन मासिकाने हिला वर्षातली सर्वोत्तम वाइन ठरवलं आणि भाव भडकले. पण ते कौतुक कोवळ्या वाइनचं. पुढे ही बाटली कुणाच्या गॅरेजमध्ये किती उन्हाळे तापली, ते कोण सांगणार?

आधी वाटलं, पेनफोल्ड्सच्या रीकॉर्किंग क्लिनिकला न्यावी. तिथे चव पाहून, नव्या वाइनने भर घालून, नवं बूच आणि प्रमाणपत्र देतात; नापास झाली तर साधं बूच लावून परत. विकायची असती तर नेलीही असती. आम्हाला प्यायची होती.

आता बूच. साध्या स्क्रूने मधोमध भोक पडलं आणि भुसा वर आला. नुसता आह-सो (दोन पात्यांचा बूच-काढणा) घातला तर बूच खाली सरकायला लागलं. तिथेच थांबलो. मित्राचा डुरँड मागवला, त्यात स्क्रू आणि आह-सो दोन्ही एकत्र: आधी स्क्रू मधोमध, मग दोन्ही पाती काचेला घासून, डोलवत डोलवत खाली, आणि वर काढताना ओढायचं नाही, फिरवायचं. किंमत अव्वाच्या सव्वा आहे, पण जुन्या बुचांसाठी दुसरं काही घेऊच नका. काळंकुट्ट, ओलं बूच तळाशी जरासं तुटलं, बाकी अख्खं हातात! बाटली दोन दिवस उभी होती, त्यामुळे गाळही बुडाशीच राहिला. राहिलेला चुरा मलमलीतून गाळला.

पहिला वास नेलपॉलिशचा. घाबरू नका, थोडा व्हीए (व्होलटाइल अॅसिडिटी, म्हणजे उडणाऱ्या आम्लांचा वास) हा ग्रेंजचा स्वभावच. ग्रेंजचा जनक मॅक्स शूबर्ट, त्याच्या सुरुवातीच्या बाटल्यांत एकाला चिरडलेल्या मुंग्या जाणवल्या होत्या. १९५७ मध्ये कंपनीने कामच बंद करायला सांगितलं, तरी बुवांनी तीन वर्षं चोरून वाइन केलीच. अर्ध्या तासात नेलपॉलिश मागे पडलं. सुकं आलुबुखार, चॉकलेट, अमेरिकन ओकचं खोबरं, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा चहासारखा तुरटपणा. खांद्यावरची पातळी पाहता एवढी धडधाकट निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पुढची २००८ ची घ्यायची होती, तिला समीक्षक रॉबर्ट पार्करने सुरू केलेल्या 'वाइन अॅडव्होकेट'चे आणि स्पेक्टेटरचेही शंभरपैकी पूर्ण शंभर गुण. पण लिहिता लिहिता वाटतंय, त्याच पैशांत पेनफोल्ड्सच्याच बिन ३८९ या वाइनच्या बऱ्याच जुन्या बाटल्या येतील. तीही काही प्रमाणात ग्रेंजच्याच वापरलेल्या पिंपांत मुरते. भिशीत मांडतो. आणि डुरँड आता स्वतःचा घेतोय, उसना मागायला येऊ नये.