तीन व्होल्टचा सेल

बाबांचा जुना संगणक गेला आठवडाभर धड बंदही नव्हता आणि धड चालूही होत नव्हता. बटण दाबले की पंखा फिरे, एक आखूड बीप ऐकू येई, विंडोज ७चे चिन्ह उमटे आणि क्षणभर निळी स्क्रीन चमकून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. हार्ड डिस्क गेली, असे घरात एकमताने ठरले. ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्यांनी तर फोनवरच विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला.

मला ते पटेना. संगणक सुरू होताना आधी वीजपुरवठा स्थिर होतो, मग मदरबोर्डवरील (मुख्य सर्किट बोर्डवरील) बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, हा प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स यांची चाचणी घेतो आणि शेवटी डिस्क शोधून पुढचे काम तिच्यावरील प्रणालीकडे सोपवतो. त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते हे कळले की आधीच्या बऱ्याच भागांवरचा संशय कमी होतो. आमच्याकडे बीप एकच होती, म्हणजे बायोसची चाचणी पार पडत होती. चिन्ह दिसत होते, म्हणजे डिस्कवरून काहीतरी वाचले जात होते.

तरीही पहिले काम दुरुस्तीचे नव्हते. डिस्कवर आईबाबांचे पंधरा वर्षांचे फोटो होते आणि विंडोजची दुरुस्ती-साधने डिस्कवर लिहितात, जे आजारी डिस्कला मुळीच सोसत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी प्रणाली चालवली आणि सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. एकही फाइल अडली नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांतही खराब सेक्टर, म्हणजे निकामी झालेले छोटे भाग, शून्य होते. मात्र लिनक्सच्या कोपऱ्यातले घड्याळ २००९ साल दाखवत होते, आणि ते मी पाहूनही सोडून दिले.

निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून सुरुवातीला एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणे बंद केले. मग स्क्रीन थांबली आणि शेवटी ७बी असलेला संकेतांक दिसला. विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती सापडत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क तर ठणठणीत होती! मी गोंधळून बसलो असताना बाबा सहज म्हणाले, "कित्येक महिन्यांपासून घड्याळ मागे पडतंय, मीच दर दोन दिवसांनी नीट करतो." त्यांना हे आधी कोणी विचारलेच नव्हते.

मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संगणकाची वीज काढल्यावरही घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची मांडणी जपतो. तो क्षीण झाल्यावर आधी घड्याळ मागे पडू लागले आणि शेवटी मांडणीच पुसली जाऊन बायोस कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेला. त्यात साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत एएचसीआय या नव्या प्रकारावरून आयडीई या जुन्या प्रकारावर गेली. विंडोज ७ बसवताना एएचसीआय निवडलेले होते आणि आयडीईचा ड्रायव्हर (ती जोडणी हाताळणारा प्रोग्राम) सुरू होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत नव्हता, त्यामुळे पहिले चिन्ह दाखवून झाल्यावर त्याला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होत होती. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले असते तर ते आयडीईतच नीट चालले असते, आणि निदान बरोबर होते असे समजून आम्ही निर्धास्त झालो असतो. तीच मला यातली सर्वांत भीतिदायक गोष्ट वाटते.

मल्टिमीटरवर जुना सेल २.१ व्होल्ट दाखवत होता. नव्या सेलने ३च्या आसपास दाखवायला हवे. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. प्लग काढला, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, अधिक चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवला, बायोसमध्ये तारीख भरली आणि साटाची पद्धत पुन्हा एएचसीआय केली. कॅबिनेट उघडलेच होते म्हणून धूळही काढली, पण तिचा या दुखण्याशी संबंध नव्हता.

विंडोज पहिल्याच प्रयत्नात उघडले. विंडोज ७ची सुरक्षा-अद्यतने बहुतेकांसाठी जानेवारी २०२०मध्येच थांबली असल्यामुळे मी इंटरनेटची केबल काढून ठेवली आहे. बायोसची मांडणी कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, कारण हा सेलही काही वर्षांनी उतरेलच.