एका रात्रीचे पाहुणे: आमची वाटचाल

सोलापुरात मुक्कामाला उतरणारा माणूस सहसा सोलापूरसाठी आलेला नसतो. त्याला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असतं, तुळजापूरला आईकडे, पंढरपूरला, नाहीतर पुढे गाणगापूरला. अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर ४५, पंढरपूर ७५. मधे आमचं गाव, म्हणून रात्र इथे काढायची. संध्याकाळी यायचं, पहाटे निघायचं. विजापूर रोडला संभाजी तलावाकाठी, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावाकाठी, आमचं ९ खोल्यांचं हॉटेल चालतं ते या एका रात्रीच्या गिऱ्हाइकावर.

वडिलांच्या वेळी असं नव्हतं. स्टेशनजवळ भाड्याच्या जागेत त्यांचं लॉज होतं. लोखंडी खाटा, मजल्यावर एकच मोरी, खाली चहाची टपरी. तिथे उतरायचे सुताचे दलाल आणि चादरी-टॉवेलचे व्यापारी. कुणी नागपूरचा, कुणी हुबळीचा. पूर्व भागातल्या कारखान्यांतून हिंडून माल बघायचा, भाव करायचा, गाठी बांधून गाडीत चढेपर्यंत थांबायचं, यात तीन-चार दिवस सहज जायचे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या तेव्हा निम्मी वर्दळ गेली. उरलेली मोबाइलनं नेली. आता डिझाइनचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, नमुना कुरिअरनं जातो, व्यापाऱ्याला यायचं कारणच राहत नाही. लॉज बंद करताना वडील एवढंच म्हणाले, "बाहेरगावचा माणूस आता देवासाठीच येणार."

तलावाजवळ आमचं जुनं घर होतं. ते पाडून छोटं, नीटनेटकं हॉटेल बांधायचं ठरलं. कर्जासाठी गेलो तर साहेबांनी विचारलं, "तलावाकाठी? सोलापुरात? पाणी बघायला लोक महाबळेश्वरला जातात हो." त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. तलावाकाठचं हॉटेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उदयपूर येतं. आमच्या तलावात सांडपाण्याचं खत मिळतं आणि जलपर्णी माजते. यंत्रं लावून काढतात, ती पुन्हा येते. ठाण्याच्या एका बाईंनी सकाळी पडदा सरकवून रिसेप्शनला फोन केला होता, "तलाव कुठल्या बाजूला आहे? इकडे तर शेत दिसतंय." त्यानंतर आम्ही फोनवरच सांगू लागलो: पाणी मोकळं असेल तर तलाव दिसेल, नसेल तर हिरवळ आणि तिच्यावर चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. हिवाळ्यात पक्षी पुष्कळ. डास बारा महिने. म्हणून प्रत्येक खिडकीला जाळी आहे, आणि ती फाटली की त्याच दिवशी बदलतो. जाहिरातीत डासांबद्दल कुणी लिहीत नाही, पण खोलीत एक जरी शिरला तरी पाहुण्याच्या लक्षात तलाव राहत नाही, डासच राहतो.

खरी गंमत पाण्याची. समोर तलाव भरलेला आणि मागच्या गेटला टँकर उभा. सोलापूरकराला यात नवल नाही. उजनीचं पाणी शंभरएक किलोमीटर पाइपातून येतं, टाकळीहून येतं, हिप्परग्याच्या तलावातून येतं, आणि एवढं करून नळाला चार-पाच दिवसांआड. घरात भागतं, कारण घरातल्यांना सवय असते. मुंबईच्या पाहुण्याला बादलीनं अंघोळ करा म्हणून सांगता येत नाही. आम्ही जमिनीखालची टाकी खोल्यांच्या मानानं फारच मोठी बांधली. ठेकेदार म्हणाला, "शेठ, एवढ्या पैशात आणखी दोन खोल्या निघतात." निघाल्या असत्या, कोरड्या.

एका रात्रीच्या पाहुण्याचा सगळ्यात मोठा खर्च धुण्याचा. एकच कुटुंब तीन रात्री राहिलं तर चादर-टॉवेलचा एक जोड पुरतो. तीन रात्री तीन कुटुंबं आली की तीन जोड, भाडं मात्र तेवढंच. खोल्या भरलेल्या असतील तर रोज १८ मोठे टॉवेल, ९ डबल बेडशीट, १८ अभ्रे. टॉवेल अर्थातच गावातले. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, इथे बसून बाहेरचा माल कशाला घ्यायचा? सुरुवातीला मला ६०० जीएसएमचे (चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे) जाड टॉवेल हवे होते, मोठ्या हॉटेलांत असतात तसले. ओळखीच्या कारखानदारांनी मोडता घातला. "अण्णा, एवढा जाड टॉवेल पाणी किती पिणार, आणि पावसाळ्यात दुसऱ्या दुपारपर्यंत वाळणार का?" मग ४५० वर आलो. धंदा रोजच्या धुण्याचा असेल तर तोच बरोबर. बोअरचं पाणी जड, त्यात धुतलेला टॉवेल कडक होतो, गीझरमध्ये क्षार साचतो. टॉवेलच्या गावात पाहुण्यानं खरखरीत टॉवेलची तक्रार करावी, याहून मोठी नामुष्की नाही. पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बसवला तेव्हा ती थांबली.

सोलापुरी चादरीचं मात्र वेगळं झालं. ती पायथ्याशी घडी करून ठेवतो. डिसेंबरात पांघरायची, एरवी शोभेला. पाहुणे विचारू लागले, कुठे मिळेल? आता रिसेप्शनच्या कपाटात विकायला असतात. खोल्यांइतकी नाही, पण त्यातूनही बऱ्यापैकी मिळकत होते.

बाकी हॉटेलांचा दिवस सातला सुरू होतो, आमचा पहाटे साडेतीनला. काकडआरतीला पोहोचायचं तर चारला गरम पाणी हवं, आणि नऊ खोल्यांना एकदमच हवं. सोलरचं पाणी लोक रात्री प्रवासाचा शीण घालवायला वापरून टाकतात, पहाटेला काही उरत नाही. त्यामुळे गीझर आणि जनरेटर दोन्ही लागतात. सात ते दहा बुफे नाश्ता हा प्रकार आम्ही फार दिवस ठेवला नाही. त्या वेळी पाहुणा देवळाच्या रांगेत असतो. त्याऐवजी निघताना हातात डबा देतो: धपाटे, शेंगाचटणी, घट्ट दही. गुरुवारी, एकादशीला भगर नाहीतर साबुदाणा. आमच्या मावशी विचारत नाहीत, वार बघून करतात. बुकिंगचा अंदाजही तसाच बांधतो. गुरुवार अक्कलकोटचा, मंगळवार-शुक्रवार तुळजापूरचा, एकादशी पंढरपूरची. रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये दाते पंचांग असतं (तेही सोलापूरचंच). स्वामींचा प्रकटदिन, गुरुपौर्णिमा, आषाढी, नवरात्र यांच्या तारखा आम्ही वर्षभर आधी मांडतो. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. गाडीवाले पाहुणे कमी होतात, आणि परतीच्या वाटेवर पाय सुजलेली मंडळी दुपारीच खोली मागतात. त्या दोन दिवसांत चेक-आउटची वेळ वगैरे मी बघत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, उलटं. तेव्हा येतात पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकरच. घरी जागा नसते म्हणून आमच्याकडे झोपतात आणि जेवायला घरी जातात.

एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून केली आणि तिचा आम्हाला अभिमान आहे: ड्रायव्हरची खोली. दर्शनाची मंडळी गाडी करून येतात. मंडळी खोलीत झोपतात, आणि दिवसभर गाडी चालवून आलेला माणूस सीट मागे टाकून डासांत पडतो. तोच पहाटे चारला पुन्हा स्टिअरिंगवर. आमच्याकडे तळमजल्यावर चार खाटा, पंखा, स्वच्छ संडास आणि जेवण आहे, पैसे नाहीत. कमिशनही देत नाही. काहींनी मागितलं, मिळालं नाही म्हणून परत आले नाहीत. बाकीचे येतात. नाशिक, नगर, ठाण्याचे कितीतरी ड्रायव्हर गाडीतल्या मंडळींना परस्पर सांगतात, "तलावाजवळ उतरू."

२०२० बद्दल फार लिहीत नाही. देवळं बंद, आम्ही बंद. हप्ते तेवढे चालू होते.

१० फेब्रुवारी २०२३ ला वंदे भारत सुरू झाली आणि वेळापत्रक पुन्हा बदललं. मुंबईहून दुपारी निघालेली गाडी रात्री साडेदहानंतर सोलापुरात येते. पाहुणा अकराला दारात, भुकेला. स्वयंपाकघर दहाला बंद व्हायचं ते आता बारापर्यंत ठेवतो: पिठलं, भाकरी, ठेचा, भात, एवढंच. पुढे २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्यातून थोडे वेगळे लोक येतात. पण मुख्य गिऱ्हाईक अजून बॅगेत सोवळं घेऊन येणारंच.

ऑनलाइन पोर्टलवर आहोत. नसून चालत नाही. पण भाड्यातला मोठा वाटा त्यांना जातो, म्हणून पाहुणा निघताना आमचा नंबर डब्याच्या पिशवीवर छापलेला असतो. पुढल्या वर्षी त्याच तिथीला थेट फोन येतो. अशी घरं पुष्कळ आहेत. पोरं उंच झाली, आजी यायच्या थांबल्या, हे आम्हाला रजिस्टरवर कळतं.

मुलगा आता धंद्यात आला आहे. त्याला पाहुण्यानं दुसरी रात्र राहावं असं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, सकाळी तलावावरचे पक्षी, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ, दुपारी पूर्व भागात मागावर चादर कशी निघते ते बघायचं, वेळ असेल तर नान्नजचं माळरान. मला वाटत होतं कुणी घेणार नाही. गेल्या हिवाळ्यात घेतलं, बहुतेक पुण्याच्या तरुण जोडप्यांनी. त्यांना काकडआरती नको, उशिरा नाश्ता हवा, आणि जलपर्णी असली तरी बाल्कनीत बसतात. त्यामुळे सध्या तडजोड अशी: वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मुलाच्या, त्यांचा दर तो ठरवणार. खालच्या सात माझ्या, तिथे गीझर साडेतीनलाच लागणार. यंदा गड्ड्याच्या आठवड्यात वरच्या दोन्हीही मला हव्यात. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.