रासबेरी नावाचा रंग

परवा दुपारी भाचा महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून दापोलीला आला, सोबत रासबेरीचे चार डबे. घाटाची वळणं आणि पोलादपूरनंतरचा उकाडा खाऊन डब्यांच्या तळाला लाल पाणी सुटलेलं. आईने एक दाणा उचलून उलटा केला आणि म्हणाली, "अगो, हे आतून पोकळ आहे, किडलंय की काय?"

किडलं नव्हतं. रासबेरी तोडली की गाभा झाडावरच राहतो आणि हातात नुसती टोपी येते. आता आमच्या काजूची बी बोंडाबाहेर लटकते ते आम्हाला चालतं, पण दुसऱ्याचं फळ पोकळ निघालं की आम्ही लगेच भुवया वर करणार.

खरं सांगायचं तर रासबेरी हे फळ असतं हेच मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आमच्यासाठी तो रंग होता. एसटी स्टँडबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी, त्यावर ऑरेंज, काळाखट्टा आणि रासबेरी, आणि गोळेवाल्याने "कुठला?" विचारलं की मी म्हणायचे "लाल". घरी आजी दारातच जीभ बघायची, बाहेरचा बर्फ खाल्लेला तिला अजिबात खपायचा नाही, म्हणून मग वाटेत जांभळाखाली थांबून मूठभर पडकी जांभळं खायची आणि लालावर जांभळा चढवायचा. जीभ पास व्हायची. फ्रॉकवरचे ठिपके नापास.

तर भाचा फोनवर वाचून दाखवत होता, शंभर ग्रॅममध्ये साधारण 6.5 ग्रॅम फायबर, 26 मिलिग्रॅम सी व्हिटॅमिन, कॅलरी फक्त पन्नासेक. आईने विचारलं, "आणि दर काय?" तो सांगितल्यावर फायबरचा विषय तिथेच संपला. तिला पटली ती एकच गोष्ट, की रासबेरीचा एकेक बारका मणी म्हणजे आंब्यासारखं स्वतंत्र फळ असतं, साल, गर आणि आत इवलीशी कोय. म्हणजे एका रासबेरीत पन्नास-शंभर आंबे. "पण सगळे बिटके," ती म्हणाली.

चव? आंबट, मग जराशी गोड, मग दातात बी. वाईट नाही हो, पण मी आपली गोळ्याची चव शोधत बसले आणि ती काही येईना. उगाच फसवल्यासारखं वाटलं, आता कुणी फसवलं ते मला विचारू नका.

हे फळ तोडल्यावर पिकत नाही आणि टिकतही नाही, दुसऱ्या दिवशी बुरशी धरायला लागतं. आईकडे त्यावर उपाय तयार होता. रातांब्यांसाठी बरण्या धुवून ठेवलेल्याच होत्या, त्यातल्या एकीत तिने अमृत कोकमासारखं केलं, एक थर फळ, एक थर साखर, वर फडकं बांधून अंगणात उन्हात. मी म्हटलं, अगं रातांब्याची साल केवढी जाड, ह्याला सालच नाही धड. तिने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी फडकं फुगलं. आत फसफस आणि वास असा की शेजारचे काका कुंपणाशी जरा जास्तच वेळ रेंगाळले.

ती बरणी ओतून दिली. फ्रीजमध्ये राहिलेल्या एका डब्याचं साखर घालून उकळून, जुन्या मलमलच्या पंच्यातून बी गाळून, शेवटी लिंबू पिळून एक बाटली सरबत झालं. रंग मात्र उतरला, विटकरी दिसायला लागला. भाच्याने ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "आजी, ही रासबेरी वाटत नाही."

आई काही बोलली नाही. फळीवरच्या डब्यातून केकसाठी आणलेल्या लाल रंगाची बाटली काढली आणि मला म्हणाली, "दोन थेंब पुरेत ना?"

मी तीन म्हटलं.